स्पोर्ट्स कार, पण रोजची: एका सेकंडहँड खरेदीची पूर्ण गोष्ट

ही केस माझ्या मावसभावाची. नाव बदललंय, इथे अमेय म्हणू. गाडी शोधायला सुरुवात केली ती २०२४ च्या दिवाळीत आणि घरी आली फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे साडेतीन महिने आम्ही दोघं ह्यात अडकलो होतो, आणि आता वापरून अकरा महिने झालेत म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय. स्पोर्ट्स कार घ्यायचीये आणि तीच रोज चालवायचीये असं म्हणणारे बरेच भेटतात, पण कुठे अडलं, कधी निर्णय बदलला, खिशातून किती गेले हे कुणी सांगत नाही.

पार्श्वभूमी

अमेय ३६ वर्षांचा, आयटीत, घर धायरीत आणि ऑफिस हिंजवडीत. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं, बायपासने, नवले पूल, वारजे, चांदणी चौक करत. घरी बायको प्राजक्ता, चार वर्षांची मुलगी आणि मावशी, म्हणजे माझी मावशी आणि त्याची आई, तिच्या उजव्या गुडघ्याचा त्रास जुना आहे. गाव वाईच्या पुढे, महिन्यातून एकदा तरी जाणं होतंच.

आधीची गाडी नऊ वर्षांची स्विफ्ट. कॉलेजात असल्यापासून त्याला चांगली चालणारी गाडी हवी होती आणि दहा वर्षं त्याने ती इच्छा बाजूला ठेवली, आधी घराचे हप्ते मग मुलगी. आता जमेल असं झाल्यावर त्याने मला फोन केला, "दादा, ऑडी टीटी बघितलीये एक. बाणेरला उभी आहे. तू येतोस का?"

बजेट एकूण २६ लाख, त्याच्या वर एक रुपया नाही असं प्राजक्ताने स्पष्ट सांगितलेलं आणि मला ते पटलं होतं. नवीन घ्यायचं तर ह्या पैशात मनासारखं काही मिळत नाही, २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आली तीच ५३ लाखांच्या आसपास. त्यामुळे सेकंडहँडच. आणि दुसरी गाडी ठेवायला सोसायटीत जागा नाही, एकच पार्किंग आहे, तेही बेसमेंटला. हा बेसमेंट पुढे फार महत्त्वाचा ठरला.

नेमकी अडचण काय होती

वरवर बघता प्रश्न होता कुठली गाडी घ्यायची. पण बाणेरला ती टीटी बघून आल्यावर मला जाणवलं की आपण गाडी बघतोय, तिचा रोजचा दिवस बघतच नाहीये. अमेय इंजिनाबद्दल अर्धा तास बोलू शकत होता पण मुलीची चाइल्ड सीट कुठे बसणार हे विचारलं की म्हणायचा, "बसेल ना कुठेतरी."

म्हणून मी त्याला एक काम सांगितलं. दोन आठवडे स्विफ्ट जेव्हा जेव्हा बाहेर निघेल तेव्हा वहीत लिहायचं, कुठे गेली, किती किलोमीटर, गाडीत कोण होतं, डिकीत काय होतं. त्याला ते सुरुवातीला फार आवडलं नाही पण केलं त्याने प्रामाणिकपणे. चौदा दिवसांत गाडी बारा दिवस बाहेर निघाली. ऑफिसचे सहा दिवस तो एकटाच. पण बारापैकी सात दिवस कधी ना कधी मुलगी मागे होती, चार वेळा मावशी होती (त्यातले दोन फिजिओथेरपीचे), आणि एकदा सगळे मिळून गावाला, येताना डिकीत तांदळाचं पोतं आणि दोन सुटकेस.

ती वही आम्ही टेबलावर ठेवली आणि तिथून पुढचं बोलणं बदललं. एकट्यानं मजेत चालवायचे दिवस साधारण निम्मे, आणि बाकी निम्म्या दिवशी मागची सीट खरी सीट असायला हवी. स्पोर्ट्स कार नको असं त्या वहीत कुठेच म्हटलेलं नव्हतं, फक्त दोन दरवाजांची नको एवढं मात्र दिसत होतं.

कोणते पर्याय समोर होते

*ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची, २०१३.* मागितलेली किंमत २२ लाख. दोन लिटर टर्बो पेट्रोल, क्वाट्रो म्हणजे चारी चाकांना ताकद, आणि दिसायला अशी की आजही सिग्नलला लोक वळून बघतात. मनापासून सांगतो, मलाही ती आवडली होती. पण आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे ह्या गाडीचं २०२८ ला संपणार. पुढे फिटनेस करून, पर्यावरण कर भरून ते वाढवता येतं, तो काही शेवट नाही, पण २२ लाख देऊन तीन वर्षांत ते सगळं करायचं आणि नंतर विकायला काढली तर गिऱ्हाईक किती मिळणार हा विचार करावाच लागतो.

तरी तिला आम्ही खरी परीक्षा द्यायला लावली. विकणारा सज्जन होता, त्याला म्हटलं गाडी एकदा धायरीला आणू दे. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पला खाली जिथे उतार संपतो तिथे एक टोकदार कोन आहे, बिल्डरने गोलाई दिलेलीच नाही. अमेयने गाडी हळूच उतरवली, मी बाजूला वाकून बघत होतो, आणि पुढच्या बंपरची खालची कड काँक्रीटला लागली. आवाज फार मोठा नव्हता, पत्र्याच्या डब्यावरून चमचा ओढल्यासारखा. सुदैवाने खालचं काळं प्लास्टिकच घासलं होतं, विकणाऱ्याने बघून घेतलं आणि काही म्हणाला नाही. पण अमेयचा चेहरा बघण्यासारखा झाला. हा आवाज रोज दोन वेळा ऐकायचा होता. नंतर मावशीला बसवून बघितलं, ती बसली, पण उठताना दाराला धरून दोन वेळा प्रयत्न करावा लागला आणि तिसऱ्यांदा मी हात दिला. ती एवढंच म्हणाली, "गाडी छान आहे रे, पण मला रिक्षा बरी." आणि मागच्या सीटवर चाइल्ड सीट ठेवली तर मुलीचं डोकं थेट मागच्या उतरत्या काचेखाली. टीटी तिथे संपली.

*मिनी कूपर एस.* ही प्राजक्ताची आवडती. तीन दरवाजे, मागे दोघांची जागा, डिकीत एक सुटकेस मुश्किलीने. पण बाद झाली ती वेगळ्या कारणाने. त्या गाडीला रनफ्लॅट टायर होते आणि स्टेपनी नाही. रनफ्लॅट पंक्चर झाला तर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, पण साइडवॉल फाटली तर काही उपाय नाही, आणि रात्री खंबाटकी उतरून सुरूर फाट्याच्या आसपास असं झालं, मागे मुलगी झोपलेली, तर त्या साइजचा टायर तिथे कोण देणार? शिवाय रनफ्लॅटची साइडवॉल कडक असते, आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा कमरेपर्यंत पोचतो.

*अबार्थ पुंटो.* फियाटची, ही मी सुचवलेली. २०१५ मध्ये आली तेव्हा ९.९५ लाखांना होती, १.४ टी-जेट इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, पाच गिअर मॅन्युअल, चार दरवाजे, आणि आपल्या रांजणगावच्या कारखान्यातली. गाडी जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, स्टिअरिंग इतकं जिवंत की आजच्या गाड्यांत तसं मिळत नाही. बजेटच्या एक तृतीयांशात आली असती आणि उरलेले पैसे तसेच बँकेत. पण फियाटने २०१९ मध्ये इथे गाड्या विकणं थांबवलं. इंजिनाचे बरेच पार्ट फियाटच्याच लिनिया टी-जेटशी जुळतात, पुण्यात फियाट जाणणारे मेकॅनिकही आहेत, पण बॉडीचे पार्ट, हेडलाइट, बंपर शोधत फिरायचं म्हणजे गाडी महिना महिना उभी. दुसरी गाडी घरात असती तर मी हीच घ्यायला लावली असती, अजूनही तेच म्हणेन. एकच गाडी असताना नाही.

*स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१७-१८ ची.* दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर, चार दरवाजे आणि मागून आख्खं झाकण उघडणारी ५९० लिटरची डिकी. ही स्पोर्ट्स कार नाहीच, सेडान आहे, असं अमेयचं पहिलं म्हणणं. मी त्याला एवढंच म्हटलं, एकदा चालवून बघ आणि मग बोलू. बायपासला वारज्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर त्याने पाय दाबला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो कारण बरेच जण ह्यात गल्लत करतात. डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हटलं की लोक घाबरतात, आणि ती भीती आली ती सात गिअरच्या ड्राय क्लचच्या डीएसजीमुळे, डीक्यू२०० म्हणतात तिला, जी आपल्याकडच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये आणि साध्या ऑक्टाव्हिया १.८ मध्ये होती. तिची मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे गिअर बदलणारं कंट्रोल युनिट, गेली तर खर्च लाखाच्या वर जाऊ शकतो. पण २३० हॉर्सपॉवरच्या आरएसमध्ये सहा गिअरची वेट क्लचची डीएसजी आहे, डीक्यू२५०, क्लच तेलात बुडालेले, ट्रॅफिकमध्ये कमी तापतात. तिची एकच मोठी अट, दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदललंच पाहिजे. दोन्हींना डीएसजीच म्हणतात, पण त्यांचा स्वभाव एकदम वेगळा.

२०२० ची २४५ हॉर्सपॉवरची आरएसही मनात होती, पण तशा इथे २०० च आल्या होत्या आणि ज्याच्याकडे आहे तो सोडत नाही, आमच्या बजेटबाहेर होती.

तीन आरएस बघितल्या, एक घेतली

पहिली एका डीलरकडे होती, १८.९० लाख, बाकी बाजारापेक्षा जवळजवळ तीन लाख कमी. गाडी चकाचक, आतून परफ्युमचा वास, आणि तो जरा जास्तच होता. पावसाळ्यात बुडालेल्या गाड्या पुढच्या काही महिन्यांत बाजारात येतात हे पुणेकरांना सांगायला नको, सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याचं पाणी आलं तेव्हाही हेच झालं आणि जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं त्यानंतरही. म्हणून मी पहिलं काम करतो ते सीटबेल्टचं. बेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, अगदी शेवटपर्यंत, हळूहळू. वरचा भाग सगळे पुसतात, पण आत रिळावर गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट ठीक होता. मागचा डावा बेल्ट ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर करड्या मातीची एक आडवी रेघ, नखाने खरवडली तर पूड पडली. मग सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला, रुळांवर तांबूस गंज. आम्ही काही न बोलता चावी परत दिली. डीलर म्हणत होता की साहेब, धुलाईच्या वेळी पाणी गेलं असेल. असेलही, पण धुलाईच्या पाण्यात गाळ नसतो.

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण होता कारण अमेय खूप थकला होता. सहा वीकेंड झाले होते. बाहेर आल्यावर म्हणाला, "दादा, दीड लाख अजून कमी करायला सांगू का त्यांना?" मी म्हटलं बुडलेल्या गाडीला बरोबर किंमत अशी नसतेच, वायरिंगमधलं पाणी आज नाही तर पुढच्या वर्षी बोलतं, आणि तेव्हा एअरबॅग बोलते की गिअरबॉक्स बोलतो हे आपल्या हातात नसतं.

दुसरी मुंबईची, मालकाकडूनच, २१ लाख. मालक म्हणाला पूर्ण स्टॉक आहे, काहीच केलेलं नाही. गाडी चालवल्यावर पिकअप जरा जास्तच वाटला. ई-चलन बघितली तर एक्सप्रेसवेवरची ओव्हरस्पीडची सात, सगळी पहाटे पाच ते साडेसहाच्या मधली आणि सगळी रविवारची. गाडीचा नंबर टाकून चलन बघायची सोय आहे ती आपण थकबाकीसाठी वापरतो, पण वेळ आणि जागा वाचली तर गाडी कशी जगली ते कळतं. खाली लिफ्टवर घेतली तर डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप, कंपनीचा नाही, बाहेरचा, आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गायब. म्हणजे ताकद वाढवायला ट्यूनिंग झालेलं. ट्यून केलेली गाडी वाईटच असते असं माझं अजिबात मत नाही, नीट केलेलं असेल आणि सर्व्हिस वेळेवर असेल तर ती छान चालते. पण शोरूमच्या सिस्टिममध्ये अशा गाडीवर टीडी१ असा शेरा बसू शकतो आणि मग वॉरंटीचं काहीही मागता येत नाही, आणि मुख्य म्हणजे मालक खोटं बोलला होता. जो हे लपवतो तो अजून काय लपवत असेल ते मोजत बसायला वेळ नव्हता.

तिसरी निगडीची, २०१८, पहिल्याच मालकाकडे, एमएच १४ पासिंग, ५८ हजार किलोमीटर, मागितले २२.७५ लाख. मालक साठीचे, निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी जाणार होते. सगळी बिलं फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली, टायरचं बिलसुद्धा. आम्ही पेंटची जाडी मोजायचं मीटर फिरवलं, सगळीकडे शंभर ते दीडशे मायक्रॉन, फक्त मागच्या उजव्या दारावर ३१०, म्हणजे ते दार रंगवलेलं. विचारायच्या आधीच ते म्हणाले की सोसायटीत स्कूटर घासली होती, आणि बिल काढून दाखवलं. स्कॅनर लावला, गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या जुन्या फॉल्टच्या नोंदींत त्या त्या वेळचं किलोमीटर असतं ते काट्याशी जुळत होतं, म्हणजे मीटर मागे केलेलं नाही. टायरवर आठवडा-वर्षाचा चार आकडी कोड ३२१९, म्हणजे २०१९ च्या ३२ व्या आठवड्याचे, साडेपाच वर्षं जुने, बदलावेच लागणार. डीएसजीचं तेल दोन हजार किलोमीटरवर ड्यू.

आणि मग रॅम्प. काकांनी स्वतः गाडी धायरीला आणली. मी मोजपट्टी घेऊन खाली बसलो. कड लागली नाही, पण खालून दोन बोटं जातील एवढीच फट राहिली, आणि तीही अमेय एकटा असताना. मग मावशी, प्राजक्ता, मुलगी सगळे बसून पुन्हा उतरवली. एक बोट. जमलं. मावशी पहिल्याच प्रयत्नात उतरली. चाइल्ड सीट आयसोफिक्सला, म्हणजे ती अडकवायच्या हुकांना, कट्कन बसली आणि मुलगी लगेच आत जाऊन बसली ती उतरेच ना.

व्यवहार आणि कागदपत्रं

सौदा २१.४० ला ठरला, टायर आणि डीएसजी तेलाचा हिशोब समोर ठेवूनच. काकांनी फार ताणलं नाही, आम्हीही नाही.

आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज २०२२ मध्येच फिटलं होतं पण आरटीओत बोजा उतरवायचा राहून गेला होता, आणि बँकेची जी एनओसी होती तिची मुदत संपलेली. हे अगदी घरोघरी दिसतं. अमेय म्हणत होता की चांगली माणसं आहेत, पूर्ण पैसे देऊन टाकू, होईल नंतर. माझं म्हणणं होतं की माणसं चांगली आहेत म्हणूनच आत्ता स्पष्ट बोलू, ते दोन महिन्यांत परदेशी जाणार, नंतर सहीसाठी कुणाला शोधणार? शेवटी असं ठरलं की बँकेकडून नवीन एनओसी आणायची, फॉर्म ३५ ने बोजा उतरवायचा, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी, आणि एक लाख रुपये नाव ट्रान्सफर झाल्यावर. साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट म्हणाले मीही असंच केलं असतं. २३ दिवस लागले सगळ्याला.

अकरा महिन्यांनंतर

१३,४०० किलोमीटर झालेत. अॅव्हरेज शहरात साडेआठ-नऊ, हायवेला नीट चालवली तर चौदा.

खर्च असा झाला: चार टायर ४६,०००, डीएसजी सर्व्हिस १९,५००, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं काम ३८,०००, बॅटरी ११,०००, आणि कात्रजच्या खड्ड्यात वाकलेलं एक अॅलॉय व्हील सरळ करायला ३,५००. एकूण १,१८,०००. आम्ही सुरुवातीलाच २.५ लाख वेगळ्या खात्यात ठेवले होते, फक्त दुरुस्तीचे, आणि ह्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात बरोबर वाटणारा निर्णय कुठला असेल तर हा. पंप गेला तेव्हा घरात कुणाचा आवाज चढला नाही. पैसे त्यासाठीच ठेवलेले होते, तिथून दिले.

आणि गाडी? ऑफिसचे तीन दिवस तो आता लवकर निघतो, सात वाजता, कारण चांदणी चौकाच्या पुढे तेव्हा रस्ता थोडा मोकळा असतो. प्राजक्ताही चालवते, तिला आधी वाटलं होतं की फार जड जाईल. दिवाळीत सगळे गावाला गेले, येताना डिकीत दोन पोती तांदूळ, नारळ, मावशीचा फराळाचा डबा, आणि मागे तिघी आरामात.

काय वेगळं करता आलं असतं

पंपाचं आधी कळू शकलं असतं, आणि ही चूक माझी. ह्या इंजिनात पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये असतात आणि तिथून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, हळूहळू झिरपतो, माहितीतली गोष्ट आहे. मी बघितलं तेव्हा कूलंटची पातळी बरोबर होती आणि मी तिथेच थांबलो. पण पातळी एका दिवशी बरोबर असण्याला अर्थ नाही, सर्व्हिसमध्ये भरलेलं असू शकतं. दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी इंजिन गार असताना बघायला हवं होतं, आणि छोटा आरसा घालून हाउसिंगखाली वाळलेल्या कूलंटचा गुलाबी थर शोधायला हवा होता. तीन महिन्यांनी काढला तेव्हा तो थर स्पष्ट होता, जुना, कडक झालेला. सौद्याच्या वेळी कळलं असतं तर किमतीत धरता आलं असतं, काकांनी नाही म्हटलं नसतं.

दुसरं विम्याचं. गाडीबरोबर पॉलिसी आली आणि अमेयला वाटलं काकांचा ५० टक्के नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, आला. तो येत नाही. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी नावावर करताना कंपनीने फरक भरून घेतला, ट्रान्सफर फी वगैरे धरून १७,८०० गेले जे बजेटमध्ये नव्हते. आणि त्याचा स्वतःचा स्विफ्टवरचा बोनस होता, तो स्विफ्ट विकताना कंपनीकडून पत्र घेऊन राखून ठेवता येतो आणि तीन वर्षांत वापरता येतो, ते पत्र मागायचं आम्ही दोघंही विसरलो. नंतर चार चकरा मारून मिळालं. पॉलिसी नावावर करायला विक्रीपासून १४ दिवस असतात, तेवढ्यात हे सगळं व्हायला हवं.

तिसरं, ती वही. ती पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती. टीटी आणि मिनीमागे पाच वीकेंड गेले. अमेय म्हणतो ते वाया नाही गेले, टीटीचा रॅम्पवरचा तो आवाज ऐकला नसता तर आयुष्यभर मनात राहिलं असतं की तीच घ्यायला हवी होती. त्याचं म्हणणं मला पटतंही. पण पहिल्या डीलरकडे तो जो थकून घासाघीस करायला निघाला होता तो थकवा त्या पाच वीकेंडचा होता, आणि थकलेला माणूस वाईट गाडी घेतो हे मी एकदा नाही, अनेकदा बघितलंय.

पेट्रोलचंही आधी बोलायला हवं होतं. झाकणाच्या आत ९५ ऑक्टेनचं स्टिकर आहे आणि गाडी २०१८ ची, आता पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. अमेय प्रीमियम पेट्रोल टाकतो, महिन्याला त्याचा फरक पडतो, आणि इंधनाच्या पाइप दर सर्व्हिसला बघून घ्यायच्या असं ठरवलंय. अजून काही त्रास नाही.

एक गोष्ट मात्र वहीतही नव्हती, गावातला शेवटचा रस्ता. नोंदीचे ते दोन आठवडे नोव्हेंबरमधले होते. पावसाळ्यात ऊसाच्या ट्रॉल्यांच्या जुन्या चाकोऱ्यांत पाणी साठतं आणि मधला उंचवटा स्विफ्टला लागत नव्हता तो आरएसला लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी देवळापाशी लावून घरापर्यंत चालत जावं लागलं, तीनशे मीटर, मावशीला शेजारच्यांच्या जीपमध्ये नेलं.

सध्या मागच्या डाव्या शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल दिसायला लागलंय, जोडीनेच बदलावे लागतील. मेकॅनिक म्हणतो साध्या ऑक्टाव्हियाचे शॉक आणि स्प्रिंग चारी चाकांना टाका, स्वस्त पडेल आणि गाडी थोडी उंच होईल, रॅम्प आणि गाव दोन्हींचा प्रश्न सुटेल. अमेय म्हणतो मग ती आरएस राहील का? मी म्हटलंय आधी एका गाडीला टाकलेले चालवून बघू, तशी एक चिंचवडला मिळालीये, पुढच्या रविवारी मालक ती घेऊन धायरीला येतोय, मोजपट्टी मी नेणार आहे.